"घरात कोणी वर्दी घातली असती तर…" या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण तेव्हा उत्तर दिलं असतं तर तोंडातून भलतंच गेलं असतं म्हणून थांबलो. युद्धाला पूजाविधीचा आधार देतात तेव्हा मला भीती वाटते असं मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं की "दसऱ्याला शस्त्रपूजा करणाऱ्यांना शिकवू नका, घरात कोणी वर्दी घातली असती तर हे सुचलं नसतं." विरोध करा ना, पण ओळख ना पाळख, थेट माझ्या घरावर घसरायचं ही कुठली पद्धत? चावडीवर हमरीतुमरीवर आलेली माणसंसुद्धा घरच्यांना मध्ये आणत नाहीत.

पोस्ट फार लांबली हे तुमचं मान्य.

आता वर्दीचं. माझे सख्खे काका १९७१ ला पश्चिम सीमेवर होते. आमचं गाव पारोळा तालुक्यातलं, पत्र कधी येईल याचा नेम नसायचा. आजी रोज दिवेलागणीला देव्हाऱ्यापुढे बसून सप्तशृंगीला म्हणायची, "माय, मना पोऱ्याले घर लई ये." एवढंच. समोरच्यांची पोरं मारून टाक असं ती कधीच बोलली नाही. काका आले आणि आजी चैत्रात पायी वणीला गेली, नवस फेडायला. आणि दसऱ्याचं म्हणाल तर विळा, कुऱ्हाड, वखराची पास आमच्याकडे आजही धुऊन पाटावर मांडतात, हळद-कुंकू, झेंडू सगळं होतं, मी स्वतः मांडतो. तेव्हा शस्त्रपूजा काय असते ते मला तुम्ही सांगू नका.

राफेल ताब्यात घेताना ८ ऑक्टोबर २०१९ ला राजनाथसिंहांनी फ्रान्समध्ये ओम काढला, चाकांखाली लिंबं ठेवली, त्यावर मी चकार शब्द काढलेला नाही, कारण तिथे कुणावर चालून जायचं ठरत नव्हतं. मी लिहिलं ते वेगळं आहे. २१ सप्टेंबर २०२२ ला पुतिननी युक्रेनच्या युद्धासाठी राखीव माणसं सैन्यात बोलावली आणि चारच दिवसांनी रशियन चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरिलनी प्रवचनात सांगितलं की कर्तव्य बजावताना जो मरतो त्याची सगळी पापं त्या बलिदानाने धुतली जातात. आता ज्या आईचा मुलगा उचलून नेला तिने हे युद्ध कशासाठी म्हणून कुणाला विचारायचं? सरकारला विचारलं तरी देवाच्या विरुद्ध गेल्यासारखं होतं, तिचं तोंडच बंद केलं ना त्यांनी! माझी आजी देवीकडे पोरगा मागत होती आणि इथे देवाच्या नावाने पोरगा मागून घेतायत, हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर माझा नाइलाज आहे.

आपल्याकडचंच हवं असेल तर उद्योगपर्व उघडा. कर्ण कृष्णाला सांगतो की हा दुर्योधनाचा शस्त्रयज्ञ आहे, गांडीव ही स्रुचा, म्हणजे आहुती द्यायची पळी, आणि रक्त हे हविर्द्रव्य. आणि हे सांगणाऱ्या कर्णाला पुढे काय होणार ते पक्कं माहीत आहे, पांडव जिंकल्याचं स्वप्न त्याने पाहिलंय, तेही तो तिथेच सांगतो. यज्ञ म्हटल्याने त्याच्या डोळ्यांवर पडदा आला नव्हता.

"दुसऱ्या धर्मांवर बोलायची हिंमत नाही" याला काय उत्तर देऊ, अर्धी पोस्ट रशियातल्या चर्चवर होती, तुम्ही दसरा शब्द दिसला तिथेच थांबलात. मनोबल, पुरोगामी वगैरे तुमचे बाकीचे टोमणे सोडून देतो, त्यात मुद्दाच नाही.

पुढे बोलायचंच असेल तर किरिलच्या त्या प्रवचनावर बोला, मी इथेच आहे. माझ्या घरच्यांवर परत आलात तर कॉमेंट काढून टाकीन, आधीच सांगून ठेवतो.