फॉक्सप्रोकडे सुखरूप परत कसे यावे

काही वर्षं हिंजवडीत नव्या फॅशनची कामं करून तुम्ही नाशकात परतलात आणि अंबडच्या एखाद्या कारखान्यातून फोन आला, ‘आमचं फॉक्सप्रोचं सॉफ्टवेअर बघता का जरा?’ तर अभिनंदन! फॉक्सप्रो म्हणजे बिलं-पगाराचे प्रोग्राम ज्यात लिहायचे ते जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर. त्याच्या ‘व्हिज्युअल फॉक्सप्रो’ या अवताराची पुढची आवृत्ती येणार नाही, हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच सांगून टाकलं. २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला सपोर्टही संपला. निरोप अंबड-सातपूरला पोचायचाय अजून.

गेल्या गेल्या बॅकअप मागू नका. आल्या दिवशी संशय घेतल्यासारखं दिसतं. सोर्स कोडचंही, म्हणजे मूळ लिहिलेल्या प्रोग्रामचंही, विचारू नका. तो आधीच्या माणसाबरोबर गेला, इथे फक्त ईएक्सई आहे, म्हणजे नुसती चालवता येणारी तयार फाइल.

‘सेट डेट ब्रिटिश’ (तारखेत आधी दिवस, मग महिना) ही ओळ मेन प्रोग्राममध्ये एकदाच लिहा आणि निर्धास्त व्हा. प्रायव्हेट डेटा सेशनचा, म्हणजे स्वतःची वेगळी सेटिंग्ज घेऊन येणारा, फॉर्म उघडला की तारीख पुन्हा अमेरिकन (आधी महिना, मग दिवस) होते, हे आठवलं तरी गप्प बसा. प्रत्येक फॉर्मच्या लोड इव्हेंटमध्ये (फॉर्म उघडताना चालणाऱ्या कोडमध्ये) तीच ओळ परत लिहायचे वेगळे पैसे कोण देतंय? खरी मजा एप्रिलात. १ तारखेचं बिल ०१/०४ असं टाकलं की ते ४ जानेवारीला जाऊन बसतं, म्हणजे थेट गेल्या आर्थिक वर्षात. २ आणि ३ तारखेची गतही तीच. ४ तारीख मात्र बरोबर पडते, त्यामुळे सगळे म्हणतात, ‘चालतंय की!’ ५ ते १२ ची बिलं मे ते डिसेंबरभर पांगतात. १३ ला तेरावा महिना काही सापडत नाही, प्रोग्राम तारीख घ्यायला नकार देतो आणि अकाउंटच्या मॅडमचा फोन येतो, ‘सर, आजपासून बिघडलंय.’ आजपासून!

डिलीट केलेल्या नोंदी लपवणाऱ्या ‘सेट डिलीटेड ऑन’ या ओळीचंही असंच. डिलीट केलेली नोंद फॉक्सप्रो पुसत नाही, नुसती खूण करतो. ‘पॅक’ ही खरोखर पुसणारी आज्ञा चालवेपर्यंत ती फाइलीतच असते. ही ओळ फॉर्ममध्ये लिहायची राहून गेली तर कधीच सोडून गेलेले कामगारही पगारपत्रकात हजर होतात. कारखाना भरलेला दिसतो, हा फायदाच.

बिल नंबर शोधून सापडत नाही, पण ब्राउझमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, समोर दिसतोय? इंडेक्स, म्हणजे शोधायला वापरायची सूची, बिघडलाय. ‘रीइंडेक्स’ मारा आणि चहा सांगा. टॅग (एकेक इंडेक्स) कोणते, हे रीइंडेक्स त्याच बिघडलेल्या सीडीएक्सच्या (इंडेक्सच्या फाइलीच्या) हेडरमधून वाचतं, त्यामुळे बिघाडही जपून परत बांधला जाण्याची सोय आहे. टॅगची सूत्रं आधी लिहून घेऊन, सगळ्यांना प्रोग्राममधून बाहेर काढून, ‘डिलीट टॅग ऑल’ करून ‘इंडेक्स ऑन’ने नव्याने बांधणारे असतात काही. त्यांना सोमवारी पुन्हा कोणी बोलवत नाही.

डीबीएफ, म्हणजे नोंदी ठेवायची फाइल, २ जीबीला अडते, डिस्क कितीही मोठी असो. जुनी वर्षं वेगळी काढू या, असं चुकूनही सुचवू नका. शेठ विचारतील, ‘हार्डडिस्क तर १ टीबीची आहे ना?’ आहेच, काय सांगणार?

आणि निघता निघता शेठ म्हणालेच, ‘हे सगळं मोबाइलवर दिसेल ना?’ तर लगेच हो म्हणा, अ‍ॅडव्हान्स घ्या आणि उड्डाणपुलावरून निघा. खाली द्वारका चौकात अडकलात तर तेवढ्यात दुसरा फोन येईल.