कुत्र्याचा उजवा डोळा

नव्या औषधांसाठी प्राण्यांवर प्रयोग करण्याची आता गरज उरली आहे का, हा प्रश्न भारतातले आप्तमित्र मला लंडनमध्ये वारंवार विचारतात. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने औषधचाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशीसंवर्धन, चिपवरचे अवयव (छोट्या चिपवर वाढवलेल्या, अवयवासारख्या वागणाऱ्या पेशी) आणि संगणकीय प्रारूपे यांना प्राणिप्रयोगांचा पर्याय म्हणून मान्यता दिली. ही दुरुस्ती मला मनापासून पटते. मात्र तिचा अर्थ ‘प्राण्यांचे काम संपले’ असा कोणी लावू लागले, की मला माझा आतेभाऊ आठवतो. त्याला वारशाने आलेला रातांधळेपणा आहे आणि त्याच्या नजरेचा घेर वर्षागणिक आवळत चालला आहे.

वारशाने येणाऱ्या अशाच एका अंधत्वावरचा उपचार कुत्र्यांमुळे हाती आला. ब्रिआर्ड जातीच्या काही कुत्र्यांत आरपीई६५ या जनुकात निसर्गतःच दोष असतो. हेच जनुक बिघडलेली मुले जन्मापासून जवळजवळ आंधळी असतात, कारण प्रकाश टिपून झाल्यावर ‘अ’ जीवनसत्त्वाचा रेणू पुन्हा कामाला लावणारे विकर (एन्झाइम) त्यांच्या डोळ्यांत तयारच होत नाही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा कुत्र्यांच्या उजव्या डोळ्यात, पडद्याच्या खाली, निर्दोष जनुक वाहून नेणारा एएव्ही हा निरुपद्रवी विषाणू सोडला. पुढे मंद उजेडाच्या खोलीत त्यांना अडथळ्यांतून चालवले, तेव्हा समोरच्या आणि उजवीकडच्या वस्तू ती टाळत, डावीकडच्या वस्तूंवर मात्र आदळत. एकाच जिवाच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या वागलेल्या पाहिल्यावर शंकेला जागा उरत नाही. २००७ मध्ये लंडन आणि फिलाडेल्फियात माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली.

हे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरून कळले नसते का? विषाणू पेशीत शिरतो आणि प्रथिन तयार होते, इथवर नक्कीच कळले असते. पण तो प्राणी वाट काढत चालतो की नाही, हे बशी सांगू शकत नाही. उंदरानेही सगळे भागत नाही. त्याचा डोळा जेमतेम तीन मिलिमीटरचा, त्यातली बहुतेक जागा भिंगाने व्यापलेली, आणि माणूस ज्या मध्यबिंदूने वाचतो तो पीतबिंदू त्याला नाहीच. कुत्र्याचा डोळा आकाराने आपल्या डोळ्याच्या जवळचा असल्यामुळे सुई कुठून घालायची आणि मात्रा किती द्यायची हे तिथे शिकता आले. शिवाय नजर सुधारली तरी पेशींची झीज चालूच राहू शकते, हा २०१३ मध्ये रुग्णांत दिसलेला कटू निष्कर्ष उशिरा उपचार केलेल्या कुत्र्यांतही आढळला.

पाश्चात्त्य देशांच्या व्यवस्थेतले सगळेच अनुकरणीय नाही. अमेरिकेत या उपचाराची किंमत दोन्ही डोळ्यांसाठी साडेआठ लाख डॉलर ठरवली गेली, हे मला आजही खुपते. ब्रिटनची एक गोष्ट मात्र आपण जरूर घ्यावी: १९८६ च्या कायद्याखाली इथे प्रत्येक प्रयोगाला परवाना लागतो, कुत्र्यांसाठी नियम अधिक कडक आहेत, वर्षाला किती प्राणी वापरले हे सरकार जाहीर करते, आणि कोणता प्रयोग कशासाठी केला जाणार आहे याचा सामान्य माणसाला समजेल असा सारांशही प्रसिद्ध होतो. प्राण्यांना त्रास देऊ नये ही आपल्याकडची भूतदयेची भावना खरी आहे आणि ती मला प्रिय आहे. तिच्या हाती अशी उघड माहिती असली, तर सरसकट बंदीऐवजी नेमका कोणता प्रयोग अनावश्यक आहे यावर तिला बोट ठेवता येईल. म्हणून तशी आकडेवारी आणि तसे सारांश आपल्याकडेही, आणि मराठीतही, मिळावेत असे मला तळमळीने वाटते.

आतेभावाला या औषधाचा उपयोग नाही. त्याचा दोष यूएसएच२ए या जनुकात आहे. त्यातला प्रथिनाचा मजकूर सुमारे १५,६०० जनुकीय अक्षरांचा, आणि एएव्हीत मावतात जेमतेम ४,७००. हे सगळे त्याला फोनवर समजावून सांगितले, तेव्हा त्याने आधी विचारले, “त्या कुत्र्यांचं पुढे काय झालं?” उपचार झालेल्यांपैकी व्हीनस आणि मर्क्युरी या दोघांना जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या संशोधक दांपत्याने घरी नेले, हे मी त्याला सांगू शकलो, कारण ते उघडपणे नोंदलेले आहे.