पपईच्या रसात बी भिजवताय? जरा थांबा

एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आलाच असेल. पपई नाहीतर अननसाच्या रसात भाजीचं बी रात्रभर ठेवा, त्यातली नैसर्गिक एन्झाइम्स टरफल विरघळवतात, आतलं अन्न पचवून कोंबाला देतात आणि जुनं बीसुद्धा शंभर टक्के उगवतं.

आधी टरफल. पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलेन, दोन्ही एन्झाइम्स प्रोटीन तोडणारी, आणि टरफल असतं मुख्यतः सेल्युलोज-लिग्निनचं, म्हणजे कात्री कापडाची आणि कापायचाय पत्रा. शिवाय पपेन असतं कच्च्या पपईच्या चिकात, पिकल्यावर फारसं उरतच नाही, मेसेजमधे फोटो मात्र पिकलेल्या केशरी फोडींचा!

अन्न पचवायचं काम बी स्वतःच करतं हो. पाणी शोषलं की त्याची एन्झाइम्स आतच तयार होतात, टोमॅटोच्या बीत तर मुळाच्या टोकासमोरची भिंत मऊ करायला मॅनानेज नावाचं खास एन्झाइम असतं. बाहेरून ओतलेला पपेनचा एवढा मोठा रेणू आत शिरणार कुठून?

उलट फळाचा रस आडवाच येतो. पिकलेला टोमॅटो कापून बघा, बी ओलंय, तरी सहसा आत उगवत नाही, कारण भोवतीच्या गरात उगवण रोखणारं ॲब्सिसिक ॲसिड असतं, पपईच्या बीवरच्या बुळबुळीत पिशवीचंही तसंच, उगवण रोखणारी द्रव्यं तिच्यातही असतात, आणि आपण काय करतोय तर बी परत फळाच्या रसातच बुडवतोय.

एक मान्य, टोमॅटोचं बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवतात. वर पांढरी साय धरते, वास सुटतो, चांगलं बी तळाशी बसतं आणि बोटात चोळलं की खरखरीत लागतं. तिथे सूक्ष्मजीवांची एन्झाइम्स खरंच गर सोडवतात, पण नंतर बी साध्या पाण्यात धुऊन वाळवतात. मेसेजवाल्याने बहुतेक हेच कुठेतरी अर्धवट ऐकलं असावं.

जुन्या बीचं म्हणाल तर गर्भच मेला असेल तर कसलाच रस चालत नाही, कांद्याचं बी साध्या ठेवणीत वर्ष-दोन वर्षांत जातं. दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून उबेला ठेवा, किती जिवंत आहेत ते कळेल. कारल्याचं बी कडक, त्याचं टोक नेलकटरने जरासं उडवून रात्रभर कोमट पाण्यात टाका.

"पण आमचं रसात उगवलं ना!" उगवलं असेल, रसातही पाणी असतंच की. मी एकाच पाकिटातल्या मिरचीच्या बिया दोन वाट्यांत भिजवून वेगवेगळ्या टिश्यूत ठेवल्या होत्या. पाण्यातल्यांना नवव्या दिवशी मोड, रसातल्यांवर तिसऱ्याच दिवशी राखाडी बुरशी.