नेटल कौन्सिलचे, काटे मालकाचे

इंग्लंडमधील आमच्या घरामागून एक सार्वजनिक पायवाट निघते आणि दोन शेते व एक ओढा ओलांडून शेजारच्या गावातील चर्चपाशी पोहोचते. परक्याच्या शेतातून राजरोस चालत जाण्याचे मला आजही अप्रूप वाटते, कारण आमच्या गावाकडे पाणंद अडवली की प्रकरण मामलेदारापर्यंत जाते आणि त्यासाठी १९०६ सालचा एक स्वतंत्र कायदाच आहे. इथे इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे १,४०,००० मैल भरतात. पिवळा बाण दिसला की ती पायवाट, निळा दिसला की घोडवाट. घोडवाटेवर १९६८ पासून सायकलस्वारांनाही मुभा आहे, फक्त त्यांनी पादचाऱ्याला आणि घोड्याला आधी जाऊ द्यायचे असते.

जून महिन्यात या वाटेवर मी अर्धी विजार घालून गेलो, हा माझा पहिला अपराध. नेटल नावाची वनस्पती, म्हणजे आपल्या खाजकुयलीची विलायती मावसबहीण, कमरेएवढी माजली होती. तिच्यापासून पाय वाचवताना डावीकडच्या कुंपणातून कमान करून आलेल्या ब्लॅकबेरीच्या काटेरी फांदीने माझी टोपी उचलून घेतली. नगरपालिकेकडे जन्मात एका खड्ड्याची तक्रार न केलेला मी, त्या दिवशी तणतणत घरी आलो आणि अर्ज भरायला बसलो.

अर्ज कोणाकडे करायचा हे कळण्यातच आठवडा गेला, कारण पॅरिश कौन्सिलने, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीने, डिस्ट्रिक्टकडे (आपल्याकडचा तालुका म्हणा) आणि डिस्ट्रिक्टने काउंटीकडे (म्हणजे जिल्ह्याकडे) बोट दाखवले. काउंटीच्या अर्जात आधी वाटेचा क्रमांक हवा होता, मग नकाशावरील आकडे. सहा आकडे दिले तर शंभर मीटरचा चौकोन कळतो आणि आठ दिले तर दहा मीटरचा, हे ज्ञान मला साठीनंतर झाले. त्यानंतर छायाचित्र जोडायचे होते, आणि उंचीचा अंदाज यावा म्हणून त्यात एखादी परिचित वस्तू असावी अशी सूचना होती. मी हिला नेटलमध्ये उभे राहण्याची विनंती केली. "अहो, परिचित वस्तू म्हणजे मी का?" एवढेच विचारून तिने स्वतःची छत्री माझ्या हातात दिली. त्या छायाचित्रात छत्रीची फक्त वाकडी मूठ दिसते. बुडत्या माणसाने मदतीसाठी हात वर करावा तशी.

खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात होती. झाडोरा वाटेच्या पृष्ठभागातून उगवला आहे, की बाजूने वाटेवर आला आहे? यामागे कायदा आहे: वाटेचा पृष्ठभाग कौन्सिलच्या अखत्यारीत येतो, म्हणून त्यातून उगवलेले कौन्सिलने कापायचे, कुंपणातून वाटेवर झुकलेले मात्र जमीनमालकाने. दोन्हींनी मला एकाच वेळी बोचले होते, पण अर्जात खूण एकाच चौकटीत करता येत होती. पायांचा दाह ताजा असल्याने मी पृष्ठभाग निवडला आणि बटण दाबले. काही घडल्याचे दिसेना, म्हणून पुन्हा दाबले.

चार दिवसांनी ईमेल आला. वर क्रमांक, खाली एकच शब्द: बंद. वाटच बंद केली, असे समजून मी दिवसभर अपराध्यासारखा वावरलो. रात्री बारीक अक्षरांतला मजकूर वाचला तेव्हा उलगडा झाला की याच ठिकाणाबद्दल आधी एक तक्रार आल्यामुळे ही दुसरी तक्रार बंद करण्यात आली होती. आधीची तक्रारही माझीच होती.

ऑगस्टमध्ये कौन्सिलचा माणूस येऊन गेला, आणि त्याचे काम पाहून मी थक्क झालो. नेटल जमिनीलगत सफाचट झाले होते आणि डोक्यावरच्या काटेरी कमानीचे एक पानही हलले नव्हते. न्हाव्याने दाढी गुळगुळीत करावी आणि जटा तशाच ठेवाव्यात, तसा प्रकार. मी शेतमालकाला गाठले. मार्च ते ऑगस्ट कुंपण छाटायला मनाई असते, असे तो नम्रपणे म्हणाला. रस्त्यात आलेल्या फांद्यांना त्यातून सूट आहे, असे मीही तितक्याच नम्रपणे म्हणालो, कारण एव्हाना मी वकिली शिकलो होतो. तो हसला आणि कौन्सिलचे पत्र आले की बघू, म्हणाला.

दुसरा अर्ज मी त्याच संध्याकाळी भरणार होतो, पण घरातूनच मनाई हुकूम आला. "आता कुठे पिकायला लागली आहेत, जॅम होईपर्यंत थांबा," असे सांगून ही डबा घेऊन त्या कमानीखाली गेली. सहा बाटल्या जॅम झाला, आणि त्यातली एक शेतमालकाला पोहोचली, हे मला फार उशिरा कळले.

ऑक्टोबरअखेर मी आठ आकडे पाठ करून पुन्हा वाटेवर गेलो. कमान आता माझ्या डोक्यावर नव्हती. फळांच्या आणि पावसाच्या भाराने वाकून तिचे टोक वाटेच्या मधोमध मातीला टेकले होते. ते उचलायला गेलो तर उचलेना, कारण त्या टोकाला पांढरी मुळे फुटून ते वाटेत रुजले होते. एक बूड कुंपणात, म्हणजे मालकाकडे. दुसरे पृष्ठभागात, म्हणजे कौन्सिलकडे. मी तिथेच मोबाइल काढून अर्ज उघडला. पृष्ठभागातून की बाजूने? चौकटी दोन, खूण एकच. पाऊस सुरू झाला आणि छत्री घरी राहिली होती.