कागद ९० दिवसांचा, नंबर चार महिन्यांनी

आज पण इन्शुरन्सवाल्यांच्या फोनवर ५२ मिनिटं होल्डवर. मध्येमध्ये ती रेकॉर्डेड बाई येऊन सांगते तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, अगं मग उचल ना मेले!

विषय एवढाच, लेकीला फिट आली होती, न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचंय. इथे न्यू जर्सीत आमचा प्लॅन एचएमओ, म्हणजे आधी नेहमीच्या डॉक्टरकडे जा, त्याने रेफरल म्हणजे चिठ्ठी द्यायची, मग इन्शुरन्सवाल्यांचं प्रायर ऑथोरायझेशन म्हणजे आधीची मंजुरी, मग कुठे स्पेशालिस्ट. ठीके, केलं सगळं. मार्चमध्ये अप्रूव्हल आलं, ९० दिवसांचं. आणि लहान मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टची पहिली तारीख मिळाली जुलैची!! हे गणित कुठल्या शहाण्याने घातलंय? मी तेव्हाच फोन करून म्हटलं अहो हे आधीच संपेल ना, तर म्हणे संपत आलं की एक्स्टेन्शन मागा, आत्ता नाही मागता येत.

जूनमध्ये मागितलं. इन्शुरन्सवाली म्हणते डॉक्टरच्या ऑफिसने पाठवायला हवं, ऑफिसवाली म्हणते आम्ही फॅक्स केलाय. फॅक्स! ज्या देशात ड्रायव्हरशिवाय टॅक्स्या फिरतायत तिथे माझ्या पोरीचा कागद फॅक्स मशीनमध्ये अडकलाय. आला नाही म्हणे, परत केला. आला पण सही दिसत नाही, परत केला. मग डायग्नोसिस कोड, म्हणजे आजाराचा ठरलेला कोड, जुळेना, रेफरलवर एक आणि फॅक्सवर दुसरा, फरक शेवटच्या एका आकड्याचा, त्यात अकरा दिवस गेले. अर्जंटमध्ये टाका म्हटलं तर विचारते सध्या फिट येतेय का? नाही? मग अर्जंट कसं? म्हणजे मी काय फिट यायची वाट बघू??

वही घातलीय आता मी, किराण्याच्या हिशोबाची असते तशी. तारीख, कोणाशी बोलले, रेफरन्स नंबर, काय म्हणाली. त्याच वहीत मागून लेकीच्या फिटच्या तारखा लिहिल्यात. त्या दोनच आहेत, फोनची नऊ पानं झाली.

आई साताऱ्याहून रोज विचारते, "अगं दाखवलंस का तिला?" काय सांगू तिला. तिच्या डोक्यात डॉक्टर म्हणजे सकाळी नंबर लावायचा, फी द्यायची, दोन तास बाकावर बसायचं पण संध्याकाळी औषध हातात. (तिकडे पण कॅशलेसला टीपीएवाले, म्हणजे विम्याचे क्लेम बघणारे मधले लोक, रडवतात, बाबांच्या ऑपरेशनला बघितलंय, पण निदान डॉक्टरचं तोंड तरी आधी दिसतं.)

आणि प्लीज कोणी सांगू नका की आता ७ दिवसांचा नियम आलाय. माहितीये, जानेवारी २०२६ पासून आलाय, मंजुरीच्या साध्या रिक्वेस्टला ७ दिवसांत उत्तर द्यायचं, अर्जंटला ७२ तासांत. पण तो मेडिकेअर ॲडव्हांटेज, मेडिकेड वगैरे सरकारी पैशांवर चालणाऱ्या, म्हाताऱ्यांच्या नि गरिबांच्या प्लॅन्सना. आमचा प्लॅन नवऱ्याच्या कंपनीचा, आम्हाला त्याचा उपयोग शून्य.

परवा अपॉइंटमेंट आहे. आज ५२ मिनिटांनी एकदाचा उचलला तर स्टेटस काय, पेंडिंग. मी म्हटलं बाई परवा जायचंय हो, तर थंडपणे म्हणते मग रिशेड्यूल करून घ्या. क्लिनिकला फोन लावला, पुढची तारीख नोव्हेंबर.

आणि आता जे अप्रूव्हल येईल ते परत ९० दिवसांचंच.