'सरकार' हा शब्द वाहिन्यांनी आणलेला नाही

27 फेब्रुवारी जवळ आला की शुद्ध मराठीच्या नावाने एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टिळक-आगरकरांच्या काळात वर्तमानपत्रांची मराठी निर्भेळ होती. 'सरकार'सारखे उर्दू शब्द पुढे हिंदी सिनेमाने आणि वाहिन्यांनी घुसवले. खरा मराठी शब्द 'शासन'. आणि 'सरकार' म्हणणं ही गुलामीची खूण. जुने अंक उघडले की यातलं काहीच टिकत नाही.

आधी टिळकांचंच घ्या. 22 जून 1897 च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगच्या बंदोबस्ताचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मग राज्यकर्त्यांनी सगळ्या शहरावर राग काढायला सुरुवात केली आणि 6 जुलैच्या 'केसरी'त अग्रलेख आला, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' मराठी पत्रकारितेतला बहुधा सर्वांत गाजलेला हा मथळा, आणि त्याचा पहिलाच शब्द फारसी! फारसीत 'सर' म्हणजे डोकं आणि 'कार' म्हणजे काम. टिळक संस्कृतचे गाढे पंडित होते, संस्कृत शब्दांचा त्यांना काय तोटा? तरी त्यांनी घेतला तो चावडीवर आणि बाजारात रोज बोलला जाणारा शब्द. मथळ्यात 'शासनाचे' घालून एकदा मोठ्याने वाचून पाहा. सगळी धार जाते.

बरं, हे एकट्या टिळकांचं नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्याचा काही भाग 'दीनबंधु'त छापून आला. त्याच्या पहिल्याच प्रकरणाच्या मथळ्यात सरकारी खात्यांचा उल्लेख आहे. फुले आणि टिळक यांचं किती कमी गोष्टींवर जमलं असतं ते सांगायला नको, पण हा शब्द दोघांचाही होता.

मग तो वाहिन्यांनी आणला कसा? पेशव्यांच्या कागदपत्रांत 'सरकार' जागोजागी आहे, तिथे त्याचा अर्थ पुण्याचा दरबार. त्या काळच्या बातमीपत्रांनाही 'अखबार' म्हणत, आणि 1840 मध्ये निघालेल्या मराठी पत्राने 'मुंबई अखबार' हेच नाव घेतलं. शिवाय वर्तमानपत्र ज्यावर छापायचं तो कागद, ज्याने छापायचं ती शाई, छापखान्यातला 'खाना', पानातला मजकूर, पोट भरणारी जाहिरात, हे सगळं फारसी-अरबीतूनच मराठीत आलेलं. बहमनी आणि आदिलशाहीच्या दिवसांपासून हे शब्द इथे राबत आहेत. त्यांना उपरं म्हणायचं तर मराठीत वर्तमानपत्र काढताच येणार नाही.

निर्भेळपणाबद्दल एकच विचारतो. वर्तमानपत्रांची भाषा खरंच तशी होती, तर सावरकरांना 1920 च्या दशकात भाषाशुद्धीची चळवळ का हाती घ्यावी लागली? कवी माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश 1925 चा आहे. तो कोणत्या वाहिनीच्या बातम्या ऐकून रचला?

'शासन' हा शब्द जुना आहे, मला त्याच्याशी वैर नाही. पण जुन्या ताम्रपटांत शासन म्हणजे राजाज्ञा किंवा दानपत्र, आणि मराठी घरात 'शासन करणे' म्हणजे शिक्षा करणे. राज्य चालवणारी यंत्रणा या अर्थाने तो रोजच्या छापील मराठीत रुळला तो मुख्यतः 1960 नंतर, महाराष्ट्र राज्य झालं आणि कारभाराची परिभाषा घडवण्याचं काम भाषा संचालनालयाकडे आलं तेव्हा. आजही वाटणी स्पष्ट आहे. निर्णय शासनाचा निघतो, पडतं ते सरकार. 'शासन पडलं' असं कुणी म्हणत नाही. आणि 'शासकीय इतमामात अंत्यसंस्कार' असं आपण छापतो, त्यातला 'इतमाम' अरबी आहे हे किती जणांच्या ध्यानात येतं?

राहिली गुलामीची खूण. 'मायबाप सरकार' म्हणून हात जोडणारी मराठी होती, हे खरं. पण 1942 नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजांचा अंमल झुगारला, गावोगाव न्यायदान मंडळं नेमली, सावकारांना आणि गावगुंडांना वठणीवर आणलं. या कारभाराला त्यांनी नाव दिलं 'प्रतिसरकार'. लोकांच्या तोंडी त्याचं 'पत्रीसरकार' झालं आणि आजही त्या भागात तेच नाव चालतं.