रेग्युलेटर चालूच कसा राहिला?

पात्रं खुलवायला जावं तर रहस्य ढिलं पडतं, रहस्य आवळावं तर पात्रं पुठ्ठ्याची होतात. दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहिणाऱ्यांचं हे कायमचं रडगाणं. मला हे भांडणच लटकं वाटतं. दोघांना वेगवेगळी पानं वाटून दिली की ते सुरू होतं. तीन पानं तपास, मग दोन पानं इन्स्पेक्टरचा मोडलेला संसार, परत तपास. वाचक ती दोन पानं उलटून पुढे जातो. बरोबरच करतो.

एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ मध्ये गुप्तहेरकथेचे २० नियम जाहीर केले. तिसरा नियम, प्रेमप्रकरण नको. सोळावा, लांबलचक वर्णनं नकोत आणि बारीक स्वभावचित्रणही नको. पण त्याच्या ३६ वर्षं आधी, १८९२ मध्ये, कॉनन डॉयलने 'सिल्व्हर ब्लेझ' ही शेरलॉक होम्सची कथा लिहून ठेवली होती. (वाचली नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा, उलगडा फुटेल.)

रात्री तबेल्यातून शर्यतीचा घोडा नेला तरी न भुंकलेला कुत्रा सगळ्यांना आठवतो. मला त्यातलं कपड्यांचं बिल जास्त मोलाचं वाटतं. त्या घोड्याचा मेलेला ट्रेनर स्ट्रेकर, त्याच्या खिशात एक बिल सापडतं. नाव भलत्याचंच, आणि त्यात एकाच पोशाखाचे २२ गिनी, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी पैशांत भारी रक्कम. होम्स स्ट्रेकरच्या बायकोला सहज विचारतो, प्लिमथच्या गार्डन पार्टीत आपण भेटलो होतो ना, तुम्ही शहामृगाची पिसं लावलेला रेशमी पोशाख घातला होता? ती म्हणते, असा पोशाख माझ्याकडे कधीच नव्हता. संपलं. बाईचा साधेपणा, नवऱ्याचा दुसरा संसार आणि गुन्ह्याचं कारण, तिन्ही एका प्रश्नोत्तरात. 'स्ट्रेकर दुटप्पी होता' असं आधी कुठे लिहावं लागलं नाही.

आता आपल्याकडचं उदाहरण रचून बघू. एकटे राहणारे काका, गावाहून येऊनजाऊन असणारा पुतण्या, खाली राहणारी सून. दुसऱ्या प्रकरणात सून आणि काका फ्लॅटच्या वाटणीवरून कडाडून भांडताहेत. नऊचे टोले पडतात. काका अर्धं वाक्य तसंच सोडून उठतात, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करतात, परत येऊन भांडण तिथूनच पुढे नेतात. वाचक हसतो. त्याचं लक्ष भांडणाकडे आहे, म्हणून धागा इथेच लपवायचा. भावना तापलेली असते तेव्हा हात काय करताहेत हे कोणी बघत नाही.

पाचव्या प्रकरणात काकांचा खून झालेला, आणि पंचनामा. धुतलेला कुकर, झाकलेलं दूध, चालू रेग्युलेटर, पालथी ताटं, चष्मा, घडी घातलेला पेपर. सहा वस्तूंत आपली तिसरी. पहिली किंवा शेवटची ठेवलीत तर डोळ्यात भरते. डॉक्टर मृत्यूची वेळ रात्री ८ ते १२ सांगतात. पुतण्या साडेनऊपासून एका लग्नघरी होता, पन्नास साक्षीदार आहेत. सून नऊपर्यंत शिकवणीत.

नुसत्या सवयीवर मात्र उलगडा उभा करू नका. माणूस एखाद्या दिवशी विसरतो, आणि चोखंदळ वाचक नेमका तिथेच बोट ठेवतो. म्हणून नवव्या प्रकरणात शेजारीण सांगते की काकू गॅसगळतीच्या आगीत गेल्या. आता ती सवय उरत नाही, ती भीती होते. रेग्युलेटर चालू म्हणजे नऊ वाजले तेव्हा काका जिवंत नव्हते. सून सुटली, पुतण्या अडकला. आणि पुतण्याला तो बंद करायचं का सुचलं नाही? काकू कशा गेल्या हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्या नात्यावर वेगळा परिच्छेद लिहायची गरज उरली का?

संशयित किती, हेही सांगतो. तीन-चार हजार शब्दांच्या कथेत तीन, फार तर चार. कादंबरीत पाच ते सात. प्रत्येकाने निदान एक खोटं बोलावं, पण खुनाशी संबंध एकाच्याच खोट्याचा असावा. बाकीच्यांच्या खोट्याला लाज, कर्ज, लफडं, आजार असं स्वतःचं कारण हवं. तिथेच माणसं कळतात. हमखास बिघडतं ते उजेडाच्या वाटपात. ज्या नोकराला नाव, तोतरेपणा आणि आजारी आई मिळते तोच खुनी, हे वाचक दहाव्या पानावर ओळखतो, कारण बाकीचे नुसतेच 'उंच, गोरे' असतात. उलट टोक म्हणजे खुन्याचं सगळं अंतरंग शेवटच्या कबुलीजबाबात कोंबणं. आठ पानी बालपण! तोवर वाचकाने पुस्तक मिटून चहा टाकलेला असतो.

राहिला तपास करणारा. त्याच्या स्वभावाने त्याची तपासात चूक घडवावी, नाहीतर तो स्वभाव शोभेचा. आपला इन्स्पेक्टर तीन वर्षं डब्यावर जगतोय. पंचनाम्यातली ती तिसरी वस्तू तो चार वेळा वाचतो, त्याला काहीच खटकत नाही. शेवटी ठाण्यातली महिला हवालदार कागद बघून विचारते, "साहेब, तुमच्या घरी रात्री गॅस कोण बंद करतं?"